एकच मशीन, एकच प्रोग्रॅम, तरी बेंचमार्कचा आकडा दर वेळी वेगळा

मेमरीची लेटन्सी, म्हणजे मागितलेली किंमत मेमरीतून यायला लागणारा वेळ, मोजायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. ६४ एमबीचा ॲरे, त्यात ६४ बाइटांचे खण, प्रत्येक खणात पुढच्या खणाचा पत्ता. त्या पत्त्यांच्या मागे एक कोटी उड्या मारायच्या आणि एका उडीला किती नॅनोसेकंद लागले ते छापायचं. पहिल्या रनला ९२ आले. दुसऱ्याला ९०. तिसऱ्याला २७! चौथ्याला परत ९३, पाचव्याला ६१. मधल्या वेळात कोडला हात लावला नव्हता, पुन्हा कंपाइल केलं नव्हतं, मशीनवर ब्राउझरसुद्धा उघडा नव्हता.

अशा वेळी बहुतेक जण करतात तेच मीही केलं. वीस रन घेतले, सरासरी काढली, ७८ आली, वहीत लिहून टाकली. दोन दिवसांनी यादी परत चाळली तेव्हा दिसलं की वीसपैकी एकाही रनला ७८ च्या आसपासचं काही आलेलंच नव्हतं. जे कधी घडलंच नाही त्याची मी नोंद केली होती.

स्वतः लिहिलेल्या सिंथेटिक बेंचमार्कमध्ये (खऱ्या कामाऐवजी मोजण्यासाठीच रचलेल्या चाचणीत) हे दुखणं वेगवेगळ्या रूपांत परत परत येतं. त्यावर माझं सांगणं एवढंच आहे, की आकडा का बदलतो हे विचारण्याआधी तो केव्हा बदलतो ते बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

आधी चाचणीचे तुकडे पाडा

घरी लिहिलेला बेंचमार्क सहसा सुरुवातीला घड्याळ बघतो, शेवटी बघतो आणि वजाबाकी छापतो. त्या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. चाचणीचे पन्नास तुकडे करा, प्रत्येक तुकड्याची वेळ एका ॲरेत साठवा आणि सगळं संपल्यावर एकदम छापा. मध्येच छापू नका, कारण छापण्यालाही वेळ लागतो आणि तो तुमच्या हिशेबात शिरतो.

घड्याळ मोनोटॉनिकच घ्या, म्हणजे कधीच मागे न जाणारं. तारीख-वेळ सांगणारं साधं घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होत असतं. ती दुरुस्ती नेमकी तुमच्या चाचणीच्या मध्ये आली तर उत्तर उणे येऊ शकतं. तुकडाही फार बारीक नको. घड्याळ वाचण्यातच वीस-तीस नॅनोसेकंद जाऊ शकतात, त्यामुळे पन्नास नॅनोसेकंदांचं काम मोजायला गेलात तर बरंचसं घड्याळच मोजलं जाईल. एक तुकडा निदान काही मिलिसेकंदांचा असू द्या. कोअरमार्क या प्रोसेसरच्या बेंचमार्कचा नियम तर असा आहे की एकूण चाचणी किमान १० सेकंद चालली तरच निकाल ग्राह्य.

आता ते पन्नास आकडे एकाखाली एक मांडा. पहिले काही तुकडे जड आणि मग सपाट? सावकाश चढत जाणारे? दर वेळी ठरावीक तुकड्यापाशी उडी? की आतल्या आत सगळे सारखे आणि फरक फक्त एका रनपासून दुसऱ्या रनपर्यंत? या चार चित्रांची कारणं अगदी वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

माझ्या बाबतीत ९२ च्या रनमधले पन्नासही तुकडे ९२ होते आणि २७ च्या रनमधले पन्नासही २७. हे आधी पाहिलं असतं तर पुढचे दोन दिवस वाचले असते. मी मात्र पंखा, तापमान आणि गव्हर्नर (प्रोसेसरची गती ठरवणारी सेटिंग) यांच्या मागे लागलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आकडा स्थिर आहे, पण खरा वाटत नाही

बदलणाऱ्या आकड्यापेक्षा हा प्रकार वाईट. बदलणारा आकडा निदान संशय तरी येऊ देतो, स्थिर आकडा दिशाभूल करतो. म्हणून छापून आलेल्या प्रत्येक आकड्याचा कागदावर हिशेब करायची सवय मी लावून घेतली आहे.

समजा १ ते १०० कोटी अशी बेरीज करणारा लूप आहे आणि वेळ ०.०० सेकंद आली. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला एका सायकलमागे एक बेरीज धरली तर सेकंदाचा तिसरा भाग तरी लागायला हवा. एका झटक्यात आठ-आठ बेरजा केल्या तरी चाळीसेक मिलिसेकंद होतातच. शून्य येतं याचा अर्थ लूप चाललाच नाही. क्लँगसारखा कंपायलर अशा लूपच्या जागी सरळ बेरजेचं सूत्र बसवतो. उत्तर पुढे कुठे वापरलंच नसेल तर कुठलाही कंपायलर सगळं काम उडवून लावतो.

हे दुखणं जुनं आहे. राइनहोल्ड वाइकर यांनी १९८४ मध्ये ड्राइस्टोन हा बेंचमार्क लिहिला, आणि १९८८ च्या २.१ आवृत्तीत कंपायलरला मधली कामं गाळता येऊ नयेत म्हणून मुद्दाम बदल करावे लागले. त्याच्या शेवटी सगळ्या चलांच्या अंतिम किमती छापल्या जातात त्या उगाच नाहीत. १९८९ च्या स्पेक या बेंचमार्क-संचातल्या मॅट्रिक्स३०० ची गत तर आणखी मजेशीर. कंपायलरवाल्यांनी त्यातला मॅट्रिक्स गुणाकार कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, जलद मेमरीत) मावतील अशा चौकोनांत मोडायला सुरुवात केली आणि गुण असे उसळले की १९९२ च्या संचातून तो प्रोग्रॅमच काढून टाकावा लागला.

उपाय दोन आणि दोन्ही लागतात. लूपला लागणारी किंमत कंपाइल करताना कळता कामा नये, म्हणजे ती कमांड लाइनवरून किंवा फाइलमधून घ्या. आणि उत्तर शेवटी छापा, शक्यतो अपेक्षित उत्तराशी ताडून बघा. सीमध्ये लिहीत असाल तर लूपच्या आत रिकामं इनलाइन असेम्बली टाकून कंपायलरला अडवता येतं. गूगल बेंचमार्कमधलं डू-नॉट-ऑप्टिमाइझ साधारण हेच करतं, आणि जावावाल्यांना त्यासाठी जेएमएच या साधनात ब्लॅकहोल आहे.

एक उपाय मात्र करू नका. ‘कंपायलर उडवतोय ना, मग ते व्हेरिएबल व्होलाटाइल करू’ किंवा ‘ऑप्टिमायझेशनच बंद करू’. तसं केलं की प्रत्येक फेऱ्यात ती किंमत मेमरीत लिहिली जाते आणि परत वाचली जाते. बेरजेला एक सायकल लागते, या लिहिण्या-वाचण्याला साधारण चार-पाच. तुम्हाला वाटतं बेरीज मोजतोय, प्रत्यक्षात मोजली जाते ती ही ये-जा.

याच जातीतली दुसरी फसगत मेमरीच्या बँडविड्थची, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाचता येतो त्याची. १ जीबीचा ॲरे मागितला, त्यात काही न लिहिता थेट वाचायला सुरुवात केली, आणि सेकंदाला ९० जीबी असा आकडा आला. पण डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलची कमाल मर्यादा २५.६ जीबी, दोन चॅनेलची ५१.२. मग उरलेले कुठून आले? लिनक्सवर ज्या पानात (मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्यात) कधी लिहिलंच नाही ते वाचलं, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, खरी मेमरी देतच नाही. शून्यांनी भरलेलं एकच सामाईक पान सगळीकडे दाखवतो. म्हणजे तुमचा १ जीबीचा ॲरे प्रत्यक्षात ४ केबीचा आहे आणि तो एल१ या सगळ्यात जवळच्या कॅशमध्ये ऐसपैस बसला आहे.

तेव्हा आधी लिहा, मग वाचा. आणि लिहितानाही शून्य लिहू नका. मेमरी मागणं आणि ती शून्याने भरणं या दोन ओळी लागोपाठ दिसल्या की जीसीसी कंपायलर त्यांची मिळून एकच ‘शून्य मेमरी दे’ अशी मागणी करतो, आणि आपण परत त्याच सामाईक पानावर! मी सरळ १ भरतो. बँडविड्थ मोजायला जॉन मॅकॅल्पिन यांचा स्ट्रीम वापरत असाल तर त्याचा नियमही पाळा: प्रत्येक ॲरे शेवटच्या पातळीच्या एकूण कॅशच्या किमान चौपट हवा. जुन्या मशीनसाठी ठरवलेला आकार नव्या मशीनवर तसाच चालवला की रॅमऐवजी कॅश मोजली जाते, आणि हे मी स्वतः केलेलं आहे.

पहिले तुकडे जड, नंतर हलके

यात फार गूढ नाही. पहिल्या स्पर्शाला प्रत्येक पानासाठी कर्नलमध्ये जावं लागतं. १ जीबीला ४ केबीच्या पानांनी भागा, २,६२,१४४ खेपा होतात. कॅश थंड असते, घड्याळगती अजून वर चढायची असते, जावा किंवा जावास्क्रिप्ट असेल तर जेआयटी (चालता चालता कोड कंपाइल करणारा भाग) अजून कामाला लागलेला नसतो. एक सबंध फेरा न मोजता चालवा आणि मग मोजायला लागा.

फक्त एका ठिकाणी थांबा. आकडे सपाट न होता फेऱ्यागणिक हलके होतच गेले आणि लूपमध्ये इफ असेल, तर ब्रँच प्रेडिक्टर (इफ कुठे वळेल याचा आधीच अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग) तुमचा डेटा पाठ करतोय. हजार-दोन हजार रँडम किमतींचा ॲरे परत परत फिरवला की थोड्याच फेऱ्यांत आधुनिक प्रोसेसरला कुठल्या वेळी इकडे आणि कुठल्या वेळी तिकडे वळायचं ते लक्षात राहतं. डेटा रँडम आहे ही आपली समजूत. प्रोसेसरसाठी तो घोकून झालेला पाढा असतो. ॲरे लाखाच्या घरात न्या किंवा दर फेऱ्याला नव्या किमती भरा, आणि किंमत भरण्याची वेळ मोजमापाच्या बाहेर ठेवा. लिनक्सच्या पर्फ स्टॅट कमांडने चुकलेल्या ब्रँचची मोजदाद घेतली की खात्री पटते.

दर वेळी त्याच तुकड्यावर गाडी अडते

हे चित्र दिसलं की मशीनकडे बघूच नका, डेटाकडे बघा. उष्णता किंवा इंटरप्ट इतके वक्तशीर नसतात.

फ्लोटिंग पॉइंटच्या चाचणीत एका मित्राला हे दिसलं होतं. लूप साधा होता, १ पासून सुरू करून दर फेऱ्याला ०.९९ ने गुणायचं. पहिले ७० हजार फेरे झरझर जायचे आणि मग एकदम प्रत्येक गुणाकार कित्येक पट महाग. हिशेब केला तर उलगडतं. डबल प्रकारात सामान्य संख्यांची खालची हद्द २ चा उणे १०२२ वा घात. ०.९९ ने गुणत तिथवर पोचायला साधारण ७०,५०० फेरे लागतात. त्याखाली डीनॉर्मल संख्यांचा मुलूख सुरू होतो, आणि अनेक प्रोसेसर त्यांच्यासाठी आडवाटेने जातात. बरं, तिथून सुटकाही नाही. वाटेल की कधीतरी शून्य होईल आणि प्रश्न मिटेल. पण तिथे प्रत्येक संख्या एका सगळ्यात छोट्या एककाच्या पटीतच असते, आणि अशा ४९ एककांना ०.९९ ने गुणलं की ४८.५१ येतात आणि पूर्णांकात बसवताना परत ४९ होतात. संख्या तिथेच अडकून बसते आणि उरलेले कोट्यवधी फेरे लूप त्याच गाळात फिरत राहतो.

यावर उपाय सोपा आहे: किंमत हद्दीत राहील असं सूत्र निवडा, नाहीतर ठरावीक फेऱ्यांनी ती परत १ करा. डीनॉर्मलला थेट शून्य मानणारा प्रोसेसरचा मोड असतो, पण तो लावला तर निकालाशेजारी तसं लिहा.

हळूहळू मंदावत जाणारा आकडा

आता ज्याच्यावर मी उगाच आळ घेतला तो प्रकार. सुरुवातीला टर्बोमुळे कोअर वरच्या गतीने पळतो, तापतो, मग गती खाली येते. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर गोष्ट आणखी निराळी. गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा, तुलना करायची असेल तर टर्बो बंद करा, आणि दोन चाचण्यांच्या मध्ये मशीनला श्वास घेऊ द्या.

‘मी सेकंद मोजतच नाही, सायकल मोजतो, मला गतीचं काय’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक खुलासा. आजच्या एक्स८६ प्रोसेसरमधला टाइम-स्टॅम्प काउंटर कोअरच्या खऱ्या सायकल मोजत नाही. कोअर कितीही गतीने पळो, तो ठरलेल्या एकाच वेगाने पुढे सरकतो. म्हणजे तेही घड्याळच, फक्त एकक वेगळं.

त्याचाच एक चांगला उपयोग करून घेता येतो. एकीचं उत्तर दुसरीला लागेल अशा बेरजांची लांब साखळी चालवा. तिथे एका बेरजेला एक खरी सायकल लागते, त्याहून कमी नाही. काउंटरचा वेग २.६ गिगाहर्ट्झ असेल आणि त्याच्या हिशेबाने एका बेरजेला ०.७२ टिक लागले, तर कोअर त्या क्षणी २.६ भागिले ०.७२, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झने पळत होता. मी ही साखळी प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतर चालवतो. दोन्ही वेळा गती सारखी आली नाही तर मधला आकडा टाकून देतो. तापमानाचे सेन्सर वाचण्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

आत सगळं सारखं, रन बदलला की वेगळं

माझं दुखणं हेच होतं. रनच्या आत काहीच हलत नसेल, तर फरक करणारी गोष्ट प्रोग्रॅम सुरू होतानाच ठरलेली असते. सुरू होताना काय काय ठरतं? कोणता कोअर मिळाला: आता एकाच प्रोसेसरमध्ये थोरले आणि धाकटे कोअर असतात, तेव्हा टास्कसेट कमांडने प्रोग्रॅम एकावर बांधून टाका. मेमरीत पत्ते कुठले मिळाले: ते सुरक्षेसाठी कर्नल दर वेळी मुद्दाम हलवतो. आणि रँडमचा सीड, म्हणजे रँडम आकडे ज्या संख्येपासून तयार होतात ती.

पत्त्यांच्या बाबतीत एक अभ्यास प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. मिटकोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सची (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला मिळणाऱ्या युजरनेमसारख्या माहितीची) एकूण लांबी बदलली किंवा ऑब्जेक्ट फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला, एवढ्यानेसुद्धा प्रोग्रॅमचा वेग हलतो. इतका की ऑप्टिमायझेशनची वरची पातळी फायद्याची की तोट्याची, याचंच उत्तर उलटू शकतं. म्हणजे लांबलचक युजरनेमच्या माणसाला आणि आखूड युजरनेमच्या माणसाला एकाच मशीनवर वेगळे निकाल मिळू शकतात. म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या सुधारणेची घोषणा करण्याआधी लिंकचा क्रम फिरवून, एन्व्हायर्न्मेंटची लांबी बदलून पुन्हा मोजा.

पण ९२ चे २७ होतात ते यामुळे नाही. कोअर बांधला, पत्ते हलवणं बंद केलं, तरी तेच. मग सीड पक्का केला, आणि आकडाही पक्का झाला. सीड १ ला कायम ९१, सीड ७ ला कायम २७.

चूक शफलमध्ये होती. खणांचा क्रम पिसायला मी नेहमीचा फिशर-येट्स अल्गोरिदम वापरला होता. खेळायचे पत्ते पिसायला तो उत्तम, पण अशा उड्यांसाठी घातक. त्यातून आलेली मांडणी म्हणजे एकच मोठं कडं नसतं, लहान-मोठी अनेक कडी असतात. शून्याव्या खणातून निघालात तर तुम्ही त्या खणाच्या कड्यातच गोल गोल फिरता, आणि त्या कड्याची लांबी १ पासून पूर्ण संख्येपर्यंत काहीही असू शकते, प्रत्येक लांबीची शक्यता सारखी. आता हिशेब बघा. ६४ एमबीत ६४ बाइटांचे १०,४८,५७६ खण. माझी एल३, म्हणजे शेवटच्या पातळीची, कॅश ८ एमबीची, तिच्यात मावतात १,३१,०७२, म्हणजे बरोबर एक अष्टमांश. तेव्हा सरासरी आठातल्या एका रनला मी सगळा वेळ कॅशमध्येच घालवत होतो आणि त्याला रॅमची लेटन्सी म्हणत होतो. ६१ वाले रन म्हणजे कॅशपेक्षा थोडी मोठी कडी, अर्धं आत अर्धं बाहेर.

दुरुस्ती एका अक्षराची. फिशर-येट्समध्ये आय-व्या खणाची अदलाबदल ० ते आय यांपैकी कुणाशीही होते, म्हणजे स्वतःशीही. ती स्वतःशी होऊ द्यायची नाही, ० ते आय-वजा-एक एवढ्यातूनच निवडायचं. सट्टोलो यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही रीत सगळ्या खणांचं एकच कडं हमखास देते. शंका असेल तर मोजण्याआधी एकदा कडं फिरून या, शून्यावर परत यायला किती उड्या लागल्या ते मोजा, आणि संख्या कमी निघाली तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा. ही तपासणी मी आता कोडमध्येच ठेवली आहे.

त्यानंतरचे वीस रन ९१ ते ९४ मध्ये आले. सरासरी छापणं तेव्हापासून बंद केलं. किमान, मधला आणि कमाल असे तीन आकडे छापतो. किमान आणि मधला यांच्यात दरी दिसली की निकाल लिहीत नाही, परत तुकडे बघायला जातो. वेगवेगळ्या चाचण्यांची गुणोत्तरं एकत्र करायची असतील तर भूमितीय मध्य घ्या. एक चाचणी दुप्पट वेगवान आणि दुसरी निम्म्या वेगाची, यांचा साधा मध्य १.२५ येतो. मशीनांची अदलाबदल करून भागलंत तरी १.२५ च. दोन्ही मशीनं एकमेकांपेक्षा वेगवान!

आता ९२ हीसुद्धा निव्वळ रॅमची लेटन्सी नाही, हे राहिलंच. ६४ एमबी म्हणजे ४ केबीची १६,३८४ पानं, आणि टीएलबीत (पानांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या छोट्या यादीत) एका वेळी त्यातली थोडीच मावतात. त्यामुळे बहुतेक उड्यांना आधी पानाचा पत्ता हुडकावा लागतो आणि ती वेळही याच आकड्यात जमा होते. २ एमबीची मोठी पानं लावली की सगळा ॲरे ३२ पानांत बसतो. तसं करून मोजलं तेव्हा आकडा ७९ आला. वहीतल्या जुन्या ७८ वर मी तरीही काट मारली.